जखमींचे प्राण आणि डॉक्टरांचे शिक्षण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



१९८९ साली परमानंद कटारा यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की, जखमी माणूस दारात आला म्हणजे आधी त्याचे प्राण वाचवावेत. पोलिसी सोपस्कार मागाहून. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे हे कर्तव्य ठरले. निकाल योग्यच होता. परंतु कर्तव्य सांगितल्याने हातांना कसब येत नाही. ते कसब डॉक्टरला कोण व केव्हा शिकवणार, हा माझा आजचा प्रश्न आहे.

२०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीस्वारांचा होता. असा जखमी पुष्कळदा प्रथम पोचतो तो नामांकित शल्यविशारदाकडे नव्हे, तर ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला असलेल्या तरुण डॉक्टरकडे.

हा प्रश्न केवळ आपलाच नाही. फेब्रुवारी १९७६ मध्ये अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात जेम्स स्टायनर या अस्थिशल्यविशारदाचे छोटे विमान शेतात कोसळले. पत्नी मृत्युमुखी पडली, मुले जखमी झाली. गावच्या रुग्णालयातील उपचार पाहून, दोष एखाद्या व्यक्तीचा नसून व्यवस्थेचा आहे, असे त्यांच्या ध्यानी आले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली ग्रामीण डॉक्टरांसाठी शिक्षणक्रम सुरू केला. त्याचे सूत्र साधे आहे: जे आधी मारते त्यावर उपाय आधी. प्रथम श्वासमार्ग, मग श्वसन, मग रक्ताभिसरण, मग मेंदूची अवस्था, आणि शेवटी कपडे दूर करून सर्वांगाची तपासणी. निदान पुरे झाले नाही, म्हणून उपचार अडता कामा नये.

छातीत कोंडलेली हवा सुईने मोकळी करणे, मोडलेला कटिभाग चादरीने आवळणे, वाहते रक्त दाबून थांबवणे या गोष्टी पुस्तक पाठ करून येत नाहीत. त्या पुतळ्यावर, गुरूच्या नजरेखाली, पुनःपुन्हा कराव्या लागतात. २०१० साली वीस हजारांहून अधिक जखमींवरील अभ्यासाने दाखवून दिले की, ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे स्वस्त औषध रक्तस्रावाने होणारे मृत्यू घटवते. मात्र ते तीन तासांच्या आत द्यावे लागते. औषध कपाटात आहे, पण ते वेळेवर देण्याचे शिक्षण नाही, तर स्वस्ताईचा उपयोग काय?

२०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात कौशल्यांवर भर आला, हे स्वागतार्ह आहे. तथापि जखमींच्या उपचारांचे सखोल प्रशिक्षण अजूनही बहुधा पदवीनंतर, शुल्क भरून घ्यावे लागते. ज्ञान असे विकत घ्यावे लागले, तर त्याचा तुटवडा गरिबाच्याच वाट्याला येतो. म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी: आंतरवासी डॉक्टर जखमींपुढे एकटा उभा राहण्यापूर्वी त्याला हे शिक्षण सरकारी खर्चाने मिळावे, त्याची प्रत्यक्ष हाताने परीक्षा व्हावी, आणि परिचारिका व कक्षसेवक यांनाही त्याच्यासोबत शिकवावे, कारण हे काम एकट्याचे नाही.

आपापल्या तालुक्याच्या रुग्णालयात जा आणि विचारा: येथे आज रात्री जखमी आला, तर हे कोणाला येते? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.