जिल्हा परिषद कोणाची?

(अकोट येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा सारांश)



खेड्यातून अकोटला आलेला शेतकरी एकाच दिवशी दोन निरनिराळ्या सत्तांच्या दारात उभा राहतो. सातबाऱ्यावरील नोंदीसाठी तो तहसील कचेरीत जातो. शाळेचे गळके छप्पर, आरोग्य केंद्रातील रिकामी जागा किंवा गुरांची साथ यांची तक्रार घेऊन पंचायत समितीत जातो. त्याच्या लेखी दोन्हीकडे 'साहेब'च बसलेले असतात. वास्तविक या दोन कचेऱ्यांत मूलभूत भेद आहे. जिल्हाधिकारी, तहसीलदार, तलाठी ही साखळी वरून खाली आलेली आहे. ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद ही साखळी मतदाराच्या मतावर उभी आहे. पहिलीपुढे त्याने अर्ज करावयाचा असतो. दुसरीला त्याने जाब विचारावयाचा असतो. हा भेद जनतेच्या मनात रुजला नाही, हेच स्थानिक स्वराज्याचे पहिले अपयश होय.

अकोटचा या बाबतीतला इतिहास उद्बोधक आहे. मध्य प्रांत व वऱ्हाडात १९४८ च्या कायद्याने जनपद सभांची योजना आली. तीत स्थानिक कारभाराचा घटक तहसील हा होता. पुढे १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये विकासगटाच्या पातळीवरील पंचायत समितीवर मुख्य भर दिला होता. परंतु महाराष्ट्राने नेमलेल्या, वऱ्हाडच्याच वसंतराव नाईक यांच्या समितीने १९६१ मध्ये जिल्ह्याला प्राधान्य दिले. त्यानुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, जनपद सभा गेल्या आणि निर्णयाचे केंद्र तहसिलीकडून जिल्ह्याच्या गावी सरकले.

हे सरकणे सर्वस्वी चूक होते असे म्हणता येणार नाही. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी असले तरी ते घशाखाली उतरत नाही. वान धरणाचे पाणी अकोट-तेल्हाऱ्याकडील गावांना पुरविणाऱ्या ८४ खेडी योजनेसारखे काम एकट्या ग्रामपंचायतीला कसे पेलावे? अभियंते, डॉक्टर व पैसा यांचा मेळ घालू शकणारी मोठी संस्था हवीच होती. शिवाय या कायद्याने जिल्हाधिकारी व आमदार यांना परिषदेच्या सदस्यत्वापासून दूर ठेवले, हे त्या काळी धाडसाचेच पाऊल होते.

रचना थोडक्यात अशी. ग्रामीण भागातील प्रत्येक गटातून जिल्हा परिषदेचा एक सदस्य निवडून येतो. गटाचे दोन गण पडतात व प्रत्येक गणातून पंचायत समितीचा एक सदस्य येतो. अकोट शहराची नगर परिषद वेगळी असल्याने शहरवासी या निवडणुकीत मत देत नाहीत. परिषदेची स्थायी समिती व शिक्षण, आरोग्य, बांधकाम, कृषी, समाजकल्याण, महिला व बालकल्याण आदी विषय समित्या असतात. अंमलबजावणी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे व तालुक्यात गटविकास अधिकाऱ्याकडे असते. खेड्यातील प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, अंगणवाडी, ग्रामीण रस्ता, गुरांचा दवाखाना अशा गोष्टींतून ही संस्था घरोघर पोहोचते.

मग दुखणे कोठे आहे? ते तिजोरीत आहे. परिषदेच्या अंदाजपत्रकातील मोठा भाग राज्याच्या अनुदानाचा असतो. त्यातून पगार भागतात आणि वरून ठरून आलेल्या योजना चालतात. सदस्यांनी विचार करून खर्च करावा असा स्वतःचा पैसा, ज्याला सेस फंड म्हणतात, तो अल्प. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने २९ विषयांची यादी दिली. पण विषय देणे राज्याच्या मर्जीवर राहिले. जिल्हा नियोजन समितीतही घटनेप्रमाणे किमान चार पंचमांश सदस्य स्थानिक संस्थांतून निवडून आलेले हवेत. अध्यक्षपदी मात्र पालकमंत्री. डॉ. लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली तेव्हा गाव व जिल्हा हे त्यांनी राज्याचे स्वतंत्र खांब मानले होते. आज जिल्ह्याचा खांब उभा दिसतो, पण त्यावर भार मुंबईच्या दोरीने तोलला जातो.

त्याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. घटनेने पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक बंधनकारक केली आहे. अकोला जिल्हा परिषदेची निवडणूक जानेवारी २०२० मध्ये झाली. आरक्षणाची ५० टक्के मर्यादा ओलांडल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय मार्च २०२१ मध्ये आला व इतर मागासवर्गाच्या जागांसाठी त्याच वर्षी पोटनिवडणूक घ्यावी लागली. जानेवारी २०२५ मध्ये मुदत संपली तेव्हा नवी निवडणूक झालेली नव्हती आणि कारभार प्रशासकाकडे गेला. राज्यातील कित्येक परिषदांत तर २०२२ पासूनच हे घडले. मागासवर्गाच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न न्याय्य आहे; पण तो वेळेत न सोडविल्याने सर्वांचेच प्रतिनिधित्व गेले.

प्रशासकाच्या राजवटीत शाळेची घंटा वाजतेच, पगारही निघतात. म्हणूनच कोणाला काही हरवल्यासारखे वाटत नाही. हरवते ते एवढेच की, हा रस्ता का नाही, या केंद्रात डॉक्टर का नाही, असे भर सभेत विचारणारे माणूस उरत नाही. निम्म्या जागा राखीव झाल्यामुळे ज्या स्त्रिया त्या सभेत बसू लागल्या होत्या, त्याही घरी परतल्या. निर्वाचित सभागृह नसेल तर वित्त आयोगाचे अनुदानही अडते.

आत्मपरीक्षणही हवे. सभागृहे भरलेली असताना तेथे बांधकामाच्या वाटपावर जेवढी भांडणे झाली, तेवढी चर्चा पटसंख्येवर वा कुपोषणावर झाली काय? लोकांना सभागृह रिकामे झाल्याचे दुःख नसेल, तर त्याचा दोष केवळ सरकारच्या माथी मारता येणार नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांपुढे कामे स्पष्ट आहेत. निवडणूक वेळेवर व्हावी ही मागणी उमेदवारीच्या घाईपोटी नव्हे, तर नागरिकाच्या हक्कापोटी करावी. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांना हजर राहून ठराव लिहून घ्यावेत व त्यांचा पाठपुरावा करावा. पंचायत समितीचे अंदाजपत्रक मिळवून चावडीवर मोठ्याने वाचावे. ज्या दिवशी खारपाणपट्ट्यातील मतदार पंचायत समितीच्या पायरीवर अर्ज न घेता हिशेब मागायला येईल, त्या दिवशी १९६१ चा कायदा अकोटला खऱ्या अर्थाने लागू झाला असे म्हणता येईल.