दिवाणखान्यांतील समुद्र

समुद्राचें पाणी घागरभर घरीं आणावें, त्यांत किनाऱ्यावरील डबक्यांतला एखादा लहानसा मासा सोडावा आणि घागर कोपऱ्यांत ठेवून द्यावी. दोन-तीन दिवसांतच पाण्याला वास येऊं लागतो आणि मासा मरतो. पाणी तेंच, मासा तोच; मग समुद्रांत जें घडत नाहीं तें घागरींत कां घडावें? प्रवाळांच्या खडकावरील रंगीबेरंगी सृष्टि काचेच्या टाकींत उभी करण्याची हौस आतां मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील घरांतही दिसूं लागली आहे. या हौसेचें सारें यशापयश त्या घागरीच्या प्रश्नांत सांठविलेलें आहे. दिवे, पंप, गाळण्या हें सर्व बाजारांत मिळतें. उत्तर मात्र विकत मिळत नाहीं, आणि तें ठाऊक नसलेल्या घरांतील उंची टाकीसुद्धां अखेर घागरीच्याच वाटेनें जाते.

उत्तराचा पहिला अर्धा भाग लंडनमधील एका घरांत सांपडला. वेस्टमिन्स्टर ॲबींतील एक वरिष्ठ धर्माधिकारी लॉर्ड जॉन थिन यांच्या पत्नी ॲना थिन या १८४६ सालीं दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की या गांवीं गेल्या होत्या. तेथील खडकांवर त्यांना जिवंत प्रवाळ दिसले, आणि दगडी बरणींत घालून ते त्यांनीं लंडनला नेले. राजधानींत समुद्राचें ताजें पाणी वरचेवर मागविणें कठीण होऊं लागलें, तेव्हां त्यांनीं एक साधी युक्ति योजिली. उघड्या खिडकीशीं उभें राहून तेंच पाणी एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत पुनःपुन्हां ओतावयाचें, तेंही अर्धा-पाऊण तास. अर्थात् हें काम घरच्या मोलकरणीकडे आलें! पुढच्या वर्षीं त्यांनीं समुद्रवनस्पति आणवून टाकींत ठेविल्या आणि ओतण्याचा खटाटोप हलका झाला. पाण्यांत प्राणवायु मिसळला पाहिजे, हें त्या मोलकरणीच्या हातांनीं सिद्ध झालें. आजच्या टाकींत बुडबुडे सोडणारा व पाणी घुसळणारा पंप तिचेंच काम करतो.

थिनबाईंचे प्रवाळ थंड समुद्रांतले, एकेकटे राहणारे व प्रकाशावांचून जगणारे होते. उष्ण समुद्रांत खडक बांधणारे ते प्रवाळ नव्हेत. तरी त्यांच्या बरणीनें एक मोठी लाट उठविली. इंग्लंडांत काचेवरील कर १८४५ मध्यें उठला होता व काच स्वस्त झाली होती. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८५३ सालीं सार्वजनिक मत्स्यगृह उघडलें, आणि पुढच्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस यांचा ‘द ॲक्वेरियम’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांसाठीं गॉस यांनीं चार क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल करण्याची कृतिही सांगितली. मग काय विचारतां! सुट्टीच्या दिवशीं टोपल्या, बरण्या व हातोड्या घेतलेले हौशी लोक किनाऱ्याकडे लोटूं लागले. खडकांतील डबकीं ओरबाडलीं गेलीं, आणि घरीं नेलेले बहुतेक प्राणी आठवड्याभरांत सडले, कारण उत्तराचा दुसरा अर्धा भाग अद्याप कोणाच्याच हातीं नव्हता. ज्या ग्रंथकारानें लोकांना समुद्राचें वेड लावलें, त्याच्याच डोळ्यांदेखत तीं डबकीं ओस पडलीं. ही व्यथा त्यांचे पुत्र एडमंड गॉस यांनीं १९०७ सालच्या आपल्या आत्मचरित्रपर पुस्तकांत नमूद केली आहे.

तो दुसरा भाग डोळ्यांना न दिसणारा आहे. मासा श्वासाबरोबर व मलमूत्राबरोबर अमोनिया पाण्यांत सोडतो; उरलेलें अन्न कुजूनही अमोनियाच होतो. तो जहाल आहे, आणि समुद्राचें पाणी गोड्या पाण्यापेक्षां अधिक अल्कधर्मी असल्यामुळें तेथें त्याचा विषारी अंश आणखी वाढतो. समुद्रांत कांहीं सूक्ष्म जीवाणु या अमोनियाचें नायट्राइट बनवितात व दुसरे जीवाणु त्या नायट्राइटचें नायट्रेट बनवितात. हें शेवटचें द्रव्य पुष्कळसें निरुपद्रवी होय. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राद्स्की यांनीं १८९० च्या सुमारास मातींतील अशा जीवाणूंचा छडा लावला. घागरींतील पाण्याजवळ हे सेवक पुरेशा संख्येनें नसतात. शिवाय ते फार संथ वाढतात. दूध नासविणारे जीवाणु तासाभरांत अनेक पटींनीं वाढत असतां यांना दुप्पट व्हावयास अर्धा ते एक दिवस लागतो. त्यांना राहावयास पृष्ठभाग हवा, खेळता प्राणवायु हवा, आणि मुख्य म्हणजे वेळ हवा. म्हणून नवी टाकी भरल्यावर पहिले चार ते सहा आठवडे तींत एकही मासा सोडावयाचा नसतो. टाकींत केवळ किंचित् अमोनिया किंवा चिमूटभर अन्न घालावयाचें, आणि पाण्याची परीक्षा करीत बसावयाचें. प्रथम अमोनिया चढतो, तो उतरूं लागतो तेव्हां नायट्राइट चढतें, आणि दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसूं लागलें म्हणजे टाकी ‘पिकली’ असें समजावें. रिकाम्या टाकीकडे महिनाभर पाहत बसणें घरांतील मुलांना मोठें जड जातें, आणि दुकानदारालाही तें फारसें आवडत नाहीं.

टाकी जितकी मोठी तितकी ती संभाळण्यास सोपी, हें ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. पण थोड्या पाण्यांत एका मेलेल्या गोगलगायीनेंही सारें बिघडतें. सुमारें दोनशे लिटर पाणी मावेल अशी टाकी आरंभाला योग्य. तिचें वजन पाणी, काच व दगड मिळून अडीचशे किलोच्या पुढें जातें. जुन्या चाळींतील लांकडी तक्तपोशीवर ती ठेवण्यापूर्वीं जाणकाराला विचारलेलें बरें. मोठ्या शहराजवळचें किनाऱ्याचें पाणी गढूळ व सांडपाण्यानें दूषित असतें, तेव्हां तें आणण्याच्या भरीस पडूं नये. शुद्ध केलेल्या पाण्यांत समुद्रक्षारांचें तयार मिश्रण विरघळवावें. प्रमाण किलोला सुमारें पस्तीस ग्रॅम, म्हणजे दोनशे लिटरांना सात किलो. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास यावें. स्वयंपाकाचें मीठ येथें चालत नाहीं, कारण समुद्रांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादिही ठराविक प्रमाणांत असतात. नळाच्या पाण्यांतील क्लोरिन आणि क्वचित् नळांतून उतरणारें तांबें हीं दोन्हीं घातक आहेत.

रोज पाणी आटतें तें मात्र गोड्या पाण्यानें भरून काढावयाचें. वाफ होऊन जातें तें केवळ पाणी, मीठ मागें राहतें. ही साधी गोष्ट न समजल्यामुळें खारें पाणी ओतीत राहून टाकीचें मिठागर केल्याचीं उदाहरणें कमी नाहींत. उष्णमान पंचवीस-सव्वीस अंश सेल्सिअस ठेवावें. मे महिन्यांत कोंकणपट्टींतील खोली याहून कितीतरी तापते, म्हणून पाणी थंड करणारें यंत्र तेथें चैन नसून गरज आहे; पृष्ठभागावर पंखा सोडण्याचा उपाय कोरड्या हवेंत चांगला चालतो, दमट हवेंत फारसा नाहीं. वीज गेली तर कांहीं तासांतच प्राणवायु घटूं लागतो, यास्तव बॅटरीवर चालणारा लहान पंप घरांत असावाच.

यानंतर प्रश्न दगडांचा. जकार्ता येथील ली चिन एंग यांनीं १९६१ सालीं एका अमेरिकन मासिकांत आपली पद्धत जगापुढें मांडली. समुद्रांतून काढलेले सच्छिद्र, जिवाणूंनीं भरलेले ‘जिवंत दगड’ टाकींत रचावयाचे, थोडे बुडबुडे सोडावयाचे, आणि गाळणीचें काम दगडांवर सोंपवावयाचें. दगडाच्या बाह्यांगावर नायट्रेट तयार होतें, तर आंतील प्राणवायुहीन पोकळ्यांत वेगळे जीवाणु त्याचा नत्रवायु करून हवेंत सोडतात. पुढें जर्मन हौशी लोकांनीं या दगडांना फेस काढणाऱ्या यंत्राची जोड दिली. वादळानंतर किनाऱ्यावर जो पिवळसर फेस सांचतो, त्यांत पाण्यांतील सेंद्रिय मळ गोळा झालेला असतो. हें यंत्र तसाच फेस करून मळ कुजण्यापूर्वींच बाहेर काढतें. आज जगभर चालणाऱ्या प्रवाळटाक्यांचा पाया तोच आहे.

परंतु भारतांत येथेंच पाऊल थांबलें पाहिजे. खडक बांधणारे सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे आणि त्यांबरोबर समुद्रघोडे हे २००१ सालीं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत घातले गेले. वाघाला जें संरक्षण तेंच प्रवाळाला. मेलेला, पांढरा पडलेला तुकडाही या दृष्टीनें प्रवाळच. समुद्रांतून काढलेला ‘जिवंत दगड’ म्हणजे बहुधा जुन्या प्रवाळाचाच खंड. परदेशी दगडी प्रवाळांचा व्यापारही आंतरराष्ट्रीय कराराखालीं परवान्यावांचून होत नाहीं. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या बांधकामांत २०२० सालीं वरळी व हाजी अली येथील प्रवाळांच्या कांहीं लहान वसाहती आड आल्या, तेव्हां सरकारी कामालाही वनखात्याची परवानगी घेऊन त्या दुसरीकडे हलवाव्या लागल्या. दुकानाच्या मागल्या खोलींत ‘साहेब, आहे एक तुकडा’ म्हणून दाखविला जाणारा माल मालवणकडून आला कीं मन्नारच्या आखातांतून, हें विचारून उपयोग नाहीं. तो घरीं नेऊंच नये.

कायदा बाजूस ठेवला तरी प्रवाळ पाळणें नवख्याचें काम नव्हे. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतें व त्यालाच बहुतेक अन्न पुरवितें, म्हणून प्रखर प्रकाश लागतो. सांगाडा वाढविण्यासाठीं तो पाण्यांतून सतत कॅल्शियम ओढतो, तें लिटरला चारशे ते साडेचारशे मिलिग्रॅम राखावें लागतें. नेहमींच्या उन्हाळ्यापेक्षां पाणी एखादा अंश अधिक तापून तसेंच कांहीं आठवडे राहिलें, तर शैवाल निघून जातें आणि प्रवाळ पांढरा पडतो. लक्षद्वीपांत १९९८, २०१६ आणि २०२४ या सालीं हेंच अफाट प्रमाणावर घडलें. जो नाश महासागराला आवरत नाहीं, तो वीज गेलेल्या दिवाणखान्यांत घडण्यास एक दुपार पुरते.

मग खडकांची शोभा नाहींच काय? भाजलेल्या मातीचे किंवा सिमेंटचे सच्छिद्र दगड हातानें घडवितां येतात. सिमेंटचे असल्यास ते कांहीं आठवडे पाणी बदलीत भिजत ठेवावे, म्हणजे त्यांतील क्षार निघून जातो. जीवाणूंना दगडाची वंशावळ ठाऊक नसते. भोंकें असलीं म्हणजे झालें. वर्षभरांत अशा दगडावर रंगीत शेवाळाचे थर चढूं लागतात आणि तो कारखान्यांतला आहे हें ओळखूं येत नाहीं.

माशांच्या निवडींतही तोच विवेक हवा. फिलिपाइन्सकडे १९६० नंतर सायनाइडचें पाणी फवारून मासे गुंगवून पकडण्याची रीत पसरली. असा मासा दुकानांत टवटवीत दिसतो व घरीं येऊन कांहीं आठवड्यांत मरतो. मालकाला वाटतें, आपलेंच पाणी बिघडलें. इंडोनेशियांतील बंगाई बेटांभोंवतींच आढळणारा चंदेरी-काळा बंगाई कार्डिनल हौशी बाजारासाठीं इतका उपसला गेला कीं, २००७ सालीं तो धोक्यांतील जातींत नोंदला गेला. वास्तविक त्याची पैदास टाकींत होते. विदूषक माशाचीही होते. केरळांतील विळिंजम व तमिळनाडूंतील मंडपम येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रांत ती साधली आहे. तेव्हां विक्रेत्याला पहिला प्रश्न किंमतीचा न विचारतां ‘हा पैदाशींतला कीं समुद्रांतला?’ असा विचारावा. आणलेला मासा चार आठवडे वेगळ्या लहान टाकींत ठेवावा, म्हणजे अंगावरील पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मोठ्या टाकींत शिरणार नाहीं. मग एका वेळीं एक-दोनच, आणि मध्यें तीन-चार आठवडे जाऊं द्यावे, कारण वाढलेल्या अमोनियाला पुरतील इतके जीवाणु वाढण्यास तेवढा अवधि लागतो.

विदूषक माशाला समुद्रफुलावांचून करमत नाहीं अशी चित्रपटांनीं पसरविलेली समजूत आहे. टाकींत तो एखाद्या मडक्याच्या खापरीलाही घर मानतो. दोन लहान पिल्लें एकत्र वाढविलीं तर त्यांतील मोठें व दांडगें तें मादी होतें, दुसरें नर राहतें. मादी मेली तर नराचीच मादी होते. जोडी जुळण्यास कधीं वर्ष, कधीं अधिक काळ लागतो. मग एके दिवशीं खापरीच्या आंतल्या बाजूस नारिंगी अंड्यांचा ठिपका दिसतो. नर कल्ल्यांजवळच्या परांनीं त्यांवर पाणी वारीत राहतो आणि बिघडलेलीं अंडीं तोंडानें वेंचून टाकतो. आठवडाभरानें अंड्यांत रुपेरी डोळे चमकूं लागले म्हणजे त्या संध्याकाळीं दिवे लवकर मालवावे. अंधार पडल्यावर तासा-दोन तासांत पिल्लें बाहेर येतात. तीं दुसऱ्या भांड्यांत काढून हिरव्या पाण्यांत वाढविलेले रोटिफर नांवाचे सूक्ष्म जीव त्यांना खाऊं घालावे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यांत अंगावर पहिला पांढरा पट्टा उमटतो, आणि पुढें कांहीं महिन्यांनीं तीं दुसऱ्याच्या टाकींत देण्याजोगीं होतात.