मोहाचं फूल कोणाच्या मालकीचं?



होळी उलटली की सातपुड्यात मोह गळायला लागतो. चोपडा, यावल, रावेर, पुढे शिरपूर, धडगाव, अक्कलकुवा या सगळ्या पट्ट्यात पावरा, भिल्ल, तडवी घरांतल्या बायका आणि पोरं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली हजर असतात. मांसल, फिकट पिवळं, गोड फूल रात्रीतून गळतं. उशीर केला तर गुरंढोरं आपला वाटा उचलतात. अंगणात वाळवलं की ते मनुक्यासारखं तांबूस, सुरकुतलेलं होतं आणि पुढे बरेच महिने टिकतं. टंचाईच्या दिवसांत हेच फूल भाजून, शिजवून खाऊन माणसं जगली आहेत. मोहाची गोष्ट दारूपासून सुरू केली तर निम्मी राहून जाते, म्हणून हे आधी सांगितलं.

आता दारूकडे वळू. वाळलेली फुलं मडक्यात भिजत घालायची. हवा जितकी गरम तितकी ती लवकर आंबतात. फसफस ओसरली की मडकं चुलीवर चढवायचं, तोंड नीट बंद करायचं, वाफ नळीनं दुसऱ्या भांड्यात न्यायची आणि ते भांडं गार पाण्यात ठेवायचं. थेंब थेंब उतरते ती मोहाची दारू. पहिली धार कडक, पुढच्या उतरत्या. सोयरीक जुळली, भांडण मिटलं, देवाचं काही निघालं की ती लागतेच. पण आधी चार थेंब जमिनीवर, देवाच्या आणि पूर्वजांच्या नावानं. मग माणसांनी प्यायची.

या घरगुती रिवाजावर पहिला घाव घातला इंग्रजी अमलानं. मुंबई इलाख्यात 1878 चा आबकारी कायदा आला आणि घरी दारू गाळणं गुन्हा ठरलं. प्यायची असेल तर मक्तेदाराच्या गुत्त्यावर जा, सरकारचा कर भरा आणि प्या. ठाणे-कुलाब्याकडे तर 1892 च्या कायद्यानं मोहाच्या फुलांवरच बंधनं आणली. रानात फूल वेचणारा चोर ठरला आणि गुत्तेवाला साव. गुत्त्यावरची उधारी वाढत गेली, आणि पिणाऱ्याच्या जमिनीवर गुत्तेवाल्याची नजर गेली.

याला आदिवासींनी दिलेलं उत्तर मोठं विलक्षण आहे. 1922 मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून निघालेली देवीची चळवळ दक्षिण गुजरातमार्गे पश्चिम खानदेशात, म्हणजे आजच्या धुळे-नंदुरबारात पोचली. देवी माणसांच्या अंगात यायची आणि सांगायची: दारू-ताडी सोडा, स्वच्छ राहा, गुत्तेवाल्याच्या दारात जाऊ नका. पुढे 1930 नंतरच्या काळात तळोद्याकडच्या गुला महाराजांच्या आरतीला हजारो माणसं जमू लागली, दारू सोडण्याची शपथ घेऊ लागली. त्यात भक्ती होती, तसा हिशोबही होता. दारू सुटली की गुत्तेदाराची पकड सुटत होती.

दारू सोडणं हे एक उत्तर झालं; आपलं पेय वाचवणं हे दुसरं. त्यासाठी थोडं इंग्रज साहेबाच्याच देशात डोकावू. तिथल्या पबमध्ये पिंपातच मुरलेली, हातपंपानं ओढून दिली जाणारी बिअर असते. तिला ‘रिअल एल’ म्हणतात. मोठ्या कंपन्यांनी तिच्या जागी गॅस भरलेली, कुठेही सारखीच लागणारी बिअर आणली, तेव्हा ग्राहकच उठले. 1971 मध्ये त्यांनी संघटना काढली आणि आपलं पेय वाचवलं. आज जुन्या पबांत आणि नव्या चकचकीत पबांतही ती मिळते. गोव्यानंही काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलं आणि 2016 मध्ये तिला वारशाचा दर्जा दिला. आमच्या मोहाच्या वाट्याला मात्र बराच काळ पोलिसांची धाडच आली. 2021 मध्ये महाराष्ट्र सरकारनं फुलं साठवण्या-नेण्यावरचे जाचक निर्बंध उठवले. आता मोहाची दारू देखण्या बाटलीतून शहरातल्या बारमध्ये पोचली आहे. त्या बाटलीच्या किमतीतलं वेचणाऱ्या बाईच्या पदरात काय पडतं, हे विचारायला हवं.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. 2015 मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली. ते मिथेनॉल होतं, मोह नव्हे. पण चोरून चालणाऱ्या धंद्यात काय मिसळलंय ते कोण तपासणार? आणि दारूनं मोडलेले संसार बायकांनाच सावरावे लागतात. गावोगावच्या बायकांनी मतदानात ‘आडवी बाटली’ निवडून दुकानं बंद पाडली, ती उगाच नाही.

मग मोह गाळावा की बंद करावा? हे मुंबईत ठरवू नये आणि जळगावसारख्या जिल्ह्याच्या गावीही नको. 1996 च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला दोन अधिकार दिले आहेत: गौण वनोपजाची मालकी आणि मादक पदार्थांवर बंदी किंवा नियंत्रण. म्हणजे फूलही गावाचं आणि फुलाचं काय करायचं हा निर्णयही गावाचा. आपलं गाव पेसात येत असेल, तर पुढच्या ग्रामसभेत हा विषय मांडा, आणि त्या सभेला बायकांना बरोबर घेऊन जा.