कुलूप मालकालाच लागते तेव्हा

पूर्वी घरातील महत्त्वाचे कागद शिसवी पेटीत असत. आता ते संगणकात असतात. जमिनीचे उतारे, मुलांची छायाचित्रे, आजोबांच्या आवाजाच्या ध्वनिफिती, सारे तेथेच. एखादा सावध गृहस्थ विचार करतो की, मुलांच्या हातून ह्यातले काही पुसले जाऊ नये. तो विंडोजमधील त्या फोल्डरच्या परवानग्या उघडतो आणि 'सर्वजण' ह्या नावापुढे 'मनाई' अशी खूण करतो. पुढच्याच क्षणी संगणक त्यालाच उत्तर देतो : प्रवेश नाकारला आहे. 'सर्वजण' ह्या शब्दात तो स्वतःही आला, हे बिचाऱ्याच्या ध्यानी आलेले नसते. आणि तेथे केलेली मनाई परवानगीच्या आधी विचारात घेतली जाते.

ही व्यवस्था मुळात घरासाठी जन्मलीच नाही. १९६९ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची ह्यांनी युनिक्स रचावयास घेतली, तेव्हा एकाच यंत्रावर अनेक माणसे काम करीत. एकाचे लेखन दुसऱ्याने पुसू नये, म्हणून मालक, गट आणि इतर असे तीन वर्ग ठरले. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालविण्याचा १ असे आकडे. त्यांच्या बेरजेतून ज्याचा त्याचा अधिकार कळावा. विंडोजच्या जगात अशी, पण अधिक बारकाव्यांची, व्यवस्था १९९३ च्या विंडोज एनटीबरोबर आली आणि २००१ च्या एक्सपीपासून ती घराघरांत शिरली. शेजारी कोणी नसलेल्या घराला चाळीतले कुलूप मिळाले, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु दार बंद झाले म्हणून आतील कागद जळाले, असे नव्हे. परवानगी ही दारावरची पाटी आहे. मजकूर जसाच्या तसा असतो. शिवाय, वाचण्याचा अधिकार आणि पाटी बदलण्याचा अधिकार हे दोन निराळे आहेत. युनिक्स वा लिनक्समध्ये मालकाने स्वतःचा वाचण्याचा हक्क काढून घेतला, तरी 'चमॉड' ह्या आज्ञेने तो परत घेता येतो. विंडोजमध्येही मालकाला पाटी बदलता येते. जुन्या संगणकातील डिस्क नव्यास जोडली आणि मालकीच परकी ठरली, तर प्रशासकाच्या खात्यातून 'टेकओन' ह्या आज्ञेने आधी मालकी घ्यावी, मग 'आयकॅकल्स' ह्या आज्ञेने परवानग्या पूर्ववत कराव्यात. हा क्रम उलटला तर पदरी काही पडत नाही.

खरे नुकसान होते ते घाईने. लिनक्सवर अडलेला माणूस संपूर्ण यंत्राला ७७७, म्हणजे सर्वांना सर्व काही, असे देऊन मोकळा होतो. मग 'सुडू' हा प्रशासकाचा अधिकार उसना देणारा कार्यक्रमच काम नाकारतो, कारण त्याची विशेष खूण ह्या गोंधळात पुसली जाते. अशा वेळी पेनड्राइव्हवरील दुसऱ्या लिनक्सने यंत्र सुरू करून बाहेरून दुरुस्ती करावी लागते. फेडोरासारख्या प्रणालीत प्रत्येक कार्यक्रमाच्या मूळ परवानग्यांची नोंद असते, तेव्हा पुष्कळसे काम सुकर होते. आणखी एक खाचखळगा असा की, फोल्डरच्या बाबतीत 'चालविणे' म्हणजे आत शिरणे. ती खूण सरसकट काढली की सारे फोल्डर मिटतात, आणि सरसकट दिली की साधी छायाचित्रेदेखील कार्यक्रम म्हणून मिरवू लागतात. ह्यासाठी चमॉडमध्ये मोठ्या लिपीतील एक्स आहे. तो शिरण्याची खूण फोल्डरांना देतो, साध्या फाइलींना नाही. इतकी शहाणी सोय इतक्या थोड्यांना ठाऊक असावी, ह्याचे नवल वाटते.

एक प्रकार मात्र पाटीचा नव्हे. विंडोज २००० पासून काही आवृत्त्यांत फाइल सांकेतिक लिपीत ठेवण्याची सोय आहे. तेथे मजकूरच बदललेला असतो. मालकी घेऊनही तो वाचता येत नाही, किल्लीच लागते, आणि ती किल्ली त्या खात्याच्या प्रमाणपत्रात असते. दुरुस्ती करणारा 'विंडोज नव्याने घालून टाकू' असे सहज सांगतो. त्या एका कृतीने जुनी किल्ली नाहीशी होऊ शकते. डिस्क पुसण्यापूर्वी फाइली सांकेतिक आहेत काय, हे त्यांच्या गुणधर्मांत पाहावे, आणि असल्यास प्रमाणपत्राची प्रत आधी बाहेर काढून ठेवावी.