संशयाचे खाते आणि सदसद्विवेक

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगलप्रसंगी हेरगिरीवर बोलावे, हे कित्येकांस विचित्र वाटेल. आम्ही स्वतः ना सैनिक, ना हेर. आमचे शिक्षण इतिहास विषय घेऊन बी. ए. पर्यंतचे, आणि आयुष्य गेले ते केंद्र सरकारच्या कचेरीत टिपणे लिहिण्यात. तरीही हा विषय निवडला, त्यास एक घरगुती कारण आहे. आपल्या गणेशोत्सवातील नाटुकल्यात लाकडी तलवार फिरवताना ज्याला आपण सर्वांनी पाहिले, तो मुलगा आज तोफखान्यात कॅप्टन आहे. गेल्या दिवाळीत तो रजेवर आला असता आम्हांस म्हणाला, "काका, तोफखाना सोडून गुप्तवार्ता दलात बदली मागावी असे मनात आहे. प्रतिहेरगिरीचे काम करावेसे वाटते. आईला पसंत नाही. तुम्हांला काय वाटते?" आम्ही फराळाच्या ताटाकडे पाहत विषय टाळला. आजचे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर होय.

त्याच्या मातोश्रींचा आक्षेप साधा आहे. देवळालीच्या माळावर घाम गाळून जी विद्या संपादन केली, ती का सोडायची? आक्षेपात तथ्य नाही असे नाही. सैन्यातील पलटण हे एक कुटुंब असते. तेथील वडीलधारे, तेथील सण, तेथील मानमरातब हे सारे सोडून मधल्या वयात दुसऱ्या घरी जायचे, आणि तेही अशा घरी की जेथे यशाचा गवगवा करता येत नाही व अपयश मात्र झाकले जात नाही. प्रशिक्षणासाठी पुण्यास जावे लागेल, एवढाच काय तो आईच्या दृष्टीने आनंदाचा भाग!

परंतु आमच्या मते खरा प्रश्न मानमरातबाचा नाही. तो समजण्यासाठी हेर आणि प्रतिहेर यांतील भेद प्रथम ध्यानी घेतला पाहिजे. हेर म्हटला की आपणा मराठी माणसांस बहिर्जी नाईक आठवतात. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीशी त्यांचे नाव निगडित आहे. हेर शत्रूच्या घरात डोकावतो. प्रतिहेराला मात्र स्वतःच्याच घरात डोकवावे लागते. आपल्यांतील कोण फुटला आहे, कोणता कागद बाहेर गेला, हे शोधणे त्याचे काम. ज्यांच्या पंक्तीला तो जेवतो, त्यांच्याकडेच त्याला संशयाने पाहावे लागते. म्हणूनच या खात्यात शिरणाऱ्याजवळ शौर्यापेक्षा निराळा असा एक गुण असावा लागतो. तो कोणता, हे एका फ्रेंच अधिकाऱ्याच्या चरित्रावरून उत्तम कळते.

त्याचे नाव जॉर्ज पिकार. जन्म १८५४ चा, स्ट्रासबुर्ग येथला. तो पायदळातील अधिकारी. आफ्रिकेत व टोंकीनमध्ये त्याने लष्करी सेवा केली, पुढे युद्धशास्त्राच्या विद्यालयात अध्यापनही केले. १८९५ च्या जुलैत त्याची नेमणूक फ्रेंच सैन्याच्या प्रतिहेर विभागाच्या प्रमुखपदी झाली. बाहेरच्यांस संशय येऊ नये म्हणून या विभागाला 'सांख्यिकी विभाग' असे निरुपद्रवी नाव दिले होते. पिकारच्या हाती तो आला तेव्हा त्या विभागाच्या शिरावर एका मोठ्या विजयाचा तुरा होता. आदल्याच वर्षी त्याने एक 'देशद्रोही' पकडून दिला होता.

ती हकिकत अशी. पॅरिसमधील जर्मन वकिलातीत झाडलोट करणारी एक बाई तेथील कचऱ्याच्या टोपलीतील कागदाचे कपटे फ्रेंचांस आणून देत असे. १८९४ च्या सप्टेंबरात या विभागाच्या हाती एक यादी लागली. कोणी फ्रेंच अधिकारी जर्मनांस लष्करी माहिती विकत आहे, हे तीवरून उघड झाले. संशय गेला तो आल्फ्रेड द्रेफ्युस या तोफखान्याच्या कॅप्टनवर. तो ज्यू होता, आणि कित्येकांच्या लेखी तेवढे पुरेसे होते. हस्ताक्षराच्या तज्ज्ञांतही एकमत नव्हते. तिघे एका बाजूस, तर दोघे दुसऱ्या. तरीही बंद दाराआड खटला चालला. आरोपीस व त्याच्या वकिलास न दाखवता कागदांचे एक गुप्त पाकीट न्यायाधीशांपुढे ठेवण्यात आले. २२ डिसेंबर १८९४ रोजी त्यास जन्मठेप झाली, आणि पुढे डेव्हिल्स आयलंड या ओसाड बेटावर त्याची रवानगी करण्यात आली.

पिकार काही द्रेफ्युसचा कैवारी नव्हता. ज्यूंविषयीचे त्या काळचे पूर्वग्रह त्याच्याही मनात होते, आणि शिक्षा योग्यच झाली असे तोही मानून होता. परंतु १८९६ च्या मार्चमध्ये त्याच वकिलातीतील कपटे जुळवता जुळवता एक फाडलेले पत्र सापडले. त्यावर नाव होते एस्तरहाझी नावाच्या एका कर्जबाजारी फ्रेंच मेजरचे. पिकारने त्या मेजरच्या हस्ताक्षराचे नमुने मिळवले, आणि ऑगस्टमध्ये ते १८९४ च्या यादीशेजारी ठेवून पाहिले. अक्षर एकच होते! मग त्याने ते गुप्त पाकीट उघडले. त्यात द्रेफ्युसविरुद्ध पुरावा म्हणण्यासारखे काहीच नव्हते.

श्रोतेहो, त्या क्षणी पिकारपुढे दोन वाटा होत्या. नव्या गुन्हेगारास पकडून जुनी चूक पोटात घालावी, ही एक. आणि चूक कबूल करावी, ही दुसरी. त्याचे वरिष्ठ जनरल गोंस यांनी त्यास पहिली वाट सुचवली. तू बोलला नाहीस तर कोणाला कळणार, असा त्यांचा भाव होता. हे गुपित आपण आपल्याबरोबर थडग्यात नेणार नाही, असे पिकारने उत्तर दिल्याचे त्यानेच पुढे साक्षीत सांगितले आहे.

याचे फळ त्यास तत्काळ मिळाले. दूरच्या कामगिरीच्या निमित्ताने त्यास पॅरिसबाहेर काढून अखेर ट्युनिशियात पाठवण्यात आले. त्याच्याच हाताखालच्या मेजर आंरीने द्रेफ्युसविरुद्ध एक बनावट पत्र तयार केले. १८९८ च्या जानेवारीत एस्तरहाझी निर्दोष सुटला, आणि दोनच दिवसांनी एमिल झोलाचे ते जगप्रसिद्ध पत्र वृत्तपत्रात झळकले. पिकारला सैन्यातून काढले, आणि सुमारे अकरा महिने तुरुंगात ठेवले. मात्र त्या ऑगस्टमध्ये बनावट पत्राचे बिंग फुटले. आंरीने कबुली दिली व कोठडीत आत्महत्या केली. तरीही द्रेफ्युस पूर्णपणे निर्दोष ठरण्यास १२ जुलै १९०६ हा दिवस उजाडावा लागला. पिकारही सन्मानाने सैन्यात परतला, आणि त्याच वर्षी फ्रान्सचा युद्धमंत्री झाला.

प्रत्येक पिकारला अखेर मंत्रिपद मिळते, असा भ्रम आम्ही कोणास देऊ इच्छित नाही. आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे की, संशय घेणे हे प्रतिहेराचे अर्धेच काम आहे. संशय खोटा ठरला तर तो मागे घेणे, हे उरलेले अर्धे; आणि तेच अधिक कठीण आहे. आपल्याकडील प्राचीनांस हे ठाऊक होते. परस्परांस न ओळखणाऱ्या तीन हेरांचे म्हणणे जुळले तरच ते खरे मानावे, असा दंडक कौटिल्याने अर्थशास्त्रात घालून दिला आहे. पॅरिसमधील त्या विद्वान सेनानींजवळ एवढाही धीर नव्हता.

आता एक कबुली देतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या एका कचेरीतून एक गोपनीय कागद नाहीसा झाला. प्राथमिक टिपण लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. एका कारकुनाविषयी कचेरीत कुजबुज होती. आम्ही लिहिले, "संबंधित कर्मचाऱ्याचे वर्तन संशयास्पद वाटते." पुरावा काय होता? तो मितभाषी होता आणि उशिरापर्यंत बसत असे, एवढाच! त्याची दूर बदली झाली. चार महिन्यांनी तो कागद दुसऱ्याच फाईलीत चिकटलेला सापडला. कागद जागेवर ठेवला गेला. आमचे वाक्य मात्र होते तेथेच राहिले. ते खोडण्यासाठी आम्ही एक ओळही लिहिली नाही, कारण तसे केल्यास वरिष्ठांचीही चूक उघडी पडली असती. त्या गृहस्थांची पुन्हा गाठ पडली नाही. दिवाळीत फराळाच्या ताटाकडे पाहत आम्ही गप्प का बसलो, हे आता आपल्या ध्यानी आले असेल.

तेव्हा चिरंजीव, तुम्ही आज मागल्या रांगेत बसला आहात, तुम्हांस आमचे उत्तर असे. जावयाचे तर अवश्य जा. देशाला या कामाची गरज आहे, आणि तोफखान्याने शिकवलेले काटेकोर मोजमाप तेथे वाया जाणार नाही. परंतु जाण्यापूर्वी स्वतःस एक प्रश्न विचारा. ज्याला मी अपराधी म्हणून लिहिले, तो निरपराध आहे असे उद्या कळले, तर ते दुसरे टिपण लिहिण्याची छाती मला होईल काय? उत्तर 'होय' असेल, तर आईची समजूत घालण्याचे काम आम्ही आणि तुमच्या काकू पत्करतो. उत्तराविषयी शंका असेल, तर तोफखान्यातच राहा; तेथेही देशसेवाच आहे.