मेजावरचा खेकडा

थळ घाटाचा लोहमार्ग १८६५ सालीं खुला झाला तेव्हां रूळ शहापूर तालुक्यांतून गेले. शेजारचें मुरबाड बाजूस राहिलें. तेथील हौशी मनुष्यास आगगाडी दारीं आणावयाची तर ती मेजावरच आणावी लागते.

कसाऱ्यापुढील सदतीसांत एक चढावर मालगाड्या ओढणारें, १९२८ पासून आलेलें ‘खेकडा’ हें विजेचें एंजिन आतां सेवेंत नाहीं. त्याच्या स्विस भावंडाचे, ‘मगरी’चे, नमुने विकत मिळतात, खेकड्याचा सहसा नाहीं. मग मगरीचीं दोन्ही तोंडें घ्यावयाचीं आणि मधली केबिन दुसऱ्या संचांतून जुळवावयाची. मगरीच्या प्रत्येक तोंडाशीं एक लहान आंस असतो. खेकड्यास तो नसल्यानें काढून टाकावा लागतो.

खरी अडचण पुढेंच आहे. येथील रुळांमधलें अंतर १६७६ मिलिमीटर. सत्त्याऐंशींत एक या प्रमाणानें तें १९ मिलिमीटरांहून किंचित् अधिक भरतें. तयार चाकें मात्र १६.५ मिलिमीटरांचीं. आंस रुंद करावे तर तयार रुळांवर गाडी चालत नाहीं. न करावे तर घाटाचें एंजिन अरुंद पायांवर उभें राहतें. सांधा रंगानें लपतो, माप लपत नाहीं. तेव्हां हा निर्णय आधीं व्हावा.

दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत ‘सर लेस्ली विल्सन’ नांवाचा खेकडा जपून ठेविला आहे. तो एकवार डोळे भरून पाहावा, मगच करवत हातीं घ्यावी.