रीडिंग जुळवू नका



'नोकरी सॉफ्टवेअरची, मग रात्री गच्चीवर काय करतेस?' असं सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारलं. म्हणून तेच सांगते. मी ताऱ्यांचे वर्णपट घेते.

साहित्य मोजकं आहे. छोटी दुर्बीण, कॅमेरा आणि कॅमेऱ्यापुढे दर मिलिमीटरला 100 रेषा असलेलं ग्रेटिंग. फोटोत तारा ठिपक्यासारखा दिसतो आणि बाजूला त्याच्या प्रकाशाची फिकट पट्टी उमटते. खरं काम पुढे संगणकावर. पट्टी आडवी करायची, शहराच्या दिव्यांचा उजेड वजा करायचा, उरलेल्या प्रकाशाचा आलेख काढायचा. मोजपट्टी म्हणून अभिजित तारा घ्यायचा. त्यात हायड्रोजनच्या काळ्या रेषा ठळक असतात: 656.3, 486.1, 434.0 नॅनोमीटर. त्यांवरून आलेखावर तरंगलांबी मांडता येते.

760 नॅनोमीटरजवळ मात्र प्रत्येक ताऱ्याच्या आलेखात खड्डा दिसतो. तो ताऱ्याचा नाही, आपल्याच हवेतल्या ऑक्सिजनचा. ताऱ्याचं काय आणि आपलं काय, हे वेगळं करणं हाच या कामाचा गाभा.

शर्मिष्ठेतला मधला तारा पाहा. तिथे हायड्रोजनची रेषा काळी नाही, उजळ आहे. इटलीच्या आंजेलो सेक्की यांनी ती 1866 मध्ये पाहिली. भराभर फिरणाऱ्या या ताऱ्याभोवती वायूची चकती आहे. अशा चकत्या विरतात, पुन्हा तयार होतात आणि त्याप्रमाणे रेषा बदलते. मोठ्या दुर्बिणी एकाच ताऱ्यावर वर्षानुवर्षं नजर ठेवू शकत नाहीत. म्हणून पॅरिस वेधशाळेच्या संग्रहात आमच्यासारख्या हौशींचे वर्णपटही घेतात. हुकलेली रात्र मात्र पुन्हा मिळत नाही.

आलेख खडबडीत दिसतो. सॉफ्टवेअरने तो क्षणात गुळगुळीत होतो, पण त्यात बारीक रेषाही पुसट होतात. कदाचित नेमकी तीच बातमी असते. म्हणून मूळ फाइल मी जशीच्या तशी जपते आणि केलेली प्रत्येक प्रक्रिया लिहून ठेवते.

प्रयोगवहीत 'रीडिंग जुळवू नका, आलं तेच लिहा' असं आमच्या बाई बजावायच्या. इंजिनिअरिंगला पुष्कळ शिकले, पण गच्चीवर रोज उपयोगी पडतं ते हेच.